हाताने टाकलेले ६० मॉड आणि मेनूआधीच बंद पडणारा स्कायरिम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ‘स्कायरिम स्पेशल एडिशन’ हा गेम स्टीमवर आहे, आवृत्ती १.६.११७०. नेक्सस मॉड्स या संकेतस्थळावरून साधारण ६० मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या, खेळाडूंनी बनवलेल्या फाइली) उतरवले, झिप उघडून एकेक करून डेटा फोल्डरमध्ये टाकले. काही दिवस सगळं चाललं. आता मुख्य मेनू यायच्या आधीच गेम बंद पडतो. कोणता मॉड मॅनेजर घ्यावा, तो कसा मांडावा आणि आहे त्यातून काही वाचवता येईल का, असं तुम्ही विचारलंत.

वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही, हे आधी सांगतो, कारण याच आशेवर लोक आठवडाभर डेटा फोल्डर चिवडत बसतात. मेनूच्या आधी गेम बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा दोनांपैकी एक गोष्ट झालेली असते. एखाद्या प्लगिनला (गेमच्या नोंदी बदलणारी मॉडची फाइल) लागणारी मास्टर फाइल, म्हणजे तो ज्या फाइलीवर उभा आहे ती, जागेवर नाही; उदाहरणार्थ पॅच चालू आहे पण तो ज्या मॉडसाठी आहे तो मॉडच नाही. किंवा एसकेएसई या गेमच्या इंजिनाला जोडायच्या अवजारावर चालणारा एखादा डीएलएल (कोडची फाइल) गेमच्या वेगळ्याच आवृत्तीसाठी बांधलेला आहे. मॉड मॅनेजर असता तर हे शोधायला पाच मिनिटं लागली असती. तुमच्याकडे ६० मॉडांच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये मिसळल्या आहेत. कोणती फाइल कोणाची हे आता कळत नाही, आणि एका मॉडने दुसऱ्याची फाइल पुसली असेल तर ती पुसलेली फाइल डिस्कवर उरलेलीच नाही.

मी मॉड मॅनेजर वापरतो तो मॉड काढता यावेत म्हणून. टाकायला झिप उघडता आली तरी पुरतं. काढायचं म्हटलं की कोणी कोणावर काय टाकलं याची नोंद लागते, आणि माणसाच्या डोक्यात तेवढी नोंद राहत नाही. खाली जे सांगतो ते सगळं या एकाच गोष्टीभोवती आहे.

तर आधी साफसफाई. डॉक्युमेंट्स, त्यात माय गेम्स, त्यात स्कायरिम स्पेशल एडिशन, त्यातला सेव्ह्ज फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवा. मग स्टीममधून गेम काढा. पण तेवढ्याने भागत नाही. स्टीम स्वतः टाकलेल्या फाइली काढते, तुम्ही टाकलेल्या तिथेच राहतात. ‘फाइलींची तपासणी’ हा स्टीमचा पर्यायही इथे उपयोगाचा नाही. मूळ फाइल हरवली किंवा बदलली असेल तर तो ती परत आणतो, बाहेरून आलेली फाइल त्याच्या यादीतच नसते. म्हणून गेम काढल्यावर त्याचा उरलेला फोल्डर हाताने पुसा. डॉक्युमेंट्समधल्या स्कायरिमच्या दोन आयएनआय (सेटिंगच्या) फाइलीही पुसा, त्या पुन्हा बनतात.

गेम परत घेताना स्टीमची लायब्ररी ‘प्रोग्राम फाइल्स’च्या बाहेर ठेवा. विंडोज त्या फोल्डरवर परवानग्यांचा पहारा ठेवतं आणि मॉडिंगची अवजारं तिथे अडखळतात. कधी फाइल लिहिली गेल्यासारखं वाटतं आणि लिहिलेली नसते. दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा सी ड्राइव्हवरच ‘गेम्स’ नावाच्या साध्या फोल्डरमध्ये लायब्ररी करा. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेला असेल तर ती जोडणी तोडा, नाहीतर गेम सेव्ह लिहीत असताना वनड्राइव्ह तीच फाइल उचलायला जातो. मग गेम एकदा त्याच्या स्वतःच्या लाँचरमधून चालू करा, मेनूपर्यंत जा आणि बंद करा. या एका फेरीत आयएनआय फाइली बनतात आणि गेम कुठे आहे याची नोंद विंडोजमध्ये होते. मॉड मॅनेजर ती नोंद वाचतो. ही पायरी गाळलेल्या किती तरी जणांना मी पुढे अडलेलं पाहिलं आहे.

आता मॅनेजर. खरे पर्याय दोन: व्होर्टेक्स आणि मॉड ऑर्गनायझर २. व्होर्टेक्स नेक्सस मॉड्सचा स्वतःचा आहे, पुष्कळ गेमना चालतो आणि वाईट मुळीच नाही. तो मॉड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि ‘डिप्लॉय’ केलं की डेटा फोल्डरमध्ये हार्ड लिंक (त्याच फाइलीचं दुसरं नाव) टाकतो. म्हणून मॉडांचा फोल्डर आणि गेम एकाच ड्राइव्हवर लागतात. मॉड ऑर्गनायझर डेटा फोल्डरला हातच लावत नाही. गेम चालू होताना तो मध्ये एक आभासी फाइल व्यवस्था उभी करतो. गेमला वाटतं सगळ्या फाइली डेटामध्ये आहेत, प्रत्यक्षात प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरमध्ये वेगळा असतो. गेम बंद केला की डेटा फोल्डर जसा होता तसा.

स्कायरिम किंवा फॉलआउट ४ साठी मी मॉड ऑर्गनायझरच सुचवतो. कोणी कोणावर मात केली हे तो उघड दाखवतो आणि क्रम माउसने ओढून बदलता येतो. व्होर्टेक्समध्ये तेच काम ‘हा मॉड त्याच्या नंतर’ अशा नियमांनी होतं. २०-२५ मॉडांपर्यंत ते सोपं वाटतं. मॉड वाढले की नियमांचं वर्तुळ तयार होतं, अ हा ब नंतर, ब हा क नंतर आणि क पुन्हा अ नंतर, आणि ते सोडवण्यात संध्याकाळ जाते. स्कायरिम-फॉलआउट बनवणाऱ्या बेथेस्डाचे गेम सोडून इतर काही खेळत असाल तर मात्र खुशाल व्होर्टेक्स घ्या.

मॉड ऑर्गनायझर गेमच्या फोल्डरच्या आत कधीही टाकू नका. त्याला ड्राइव्हच्या मुळाशी स्वतंत्र फोल्डर द्या. पहिल्यांदा उघडल्यावर तो विचारेल, ग्लोबल इन्स्टन्स की पोर्टेबल? मी पोर्टेबल घेतो, म्हणजे मॉड, उतरवलेल्या झिप आणि प्रोफाइल सगळं एकाच फोल्डरमध्ये राहतं आणि त्याची प्रत काढणं सोपं जातं. नेक्ससच्या दुव्यांशी जोडायचं का, असं विचारेल तेव्हा हो म्हणा. मग संकेतस्थळावरचं ‘मॉड मॅनेजर डाउनलोड’ हे बटण दाबलं की झिप थेट इकडे येते. अँटिव्हायरसला या फोल्डरची सूट द्या. आभासी फाइल व्यवस्था गेमच्या प्रक्रियेत स्वतःचा डीएलएल घुसवते, आणि काही अँटिव्हायरसना ते संशयास्पद वाटतं. प्रोफाइल बनवताना ‘या प्रोफाइलच्या वेगळ्या आयएनआय’ आणि ‘वेगळे सेव्ह’ हे दोन्ही पर्याय चालू करा. का, ते पुढे कळेल.

पुढची पायरी एसकेएसई. हे मॉडपेक्षा गेमच्या इंजिनाला जोडलेलं जास्तीचं अंग आहे आणि निम्मे चांगले मॉड त्यावर उभे असतात. इथे आवृत्तीचा आकडा अक्षरन् अक्षर जुळावा लागतो. १.६.११७० ला २.२.६, जुन्या १.५.९७ ला २.०.२०. गॉग या दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या गेमसाठी वेगळी बांधणी असते, आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरच्या गेमवर एसकेएसई चालतच नाही. बरेच जण ‘माझ्याकडे ॲनिव्हर्सरी एडिशन आहे की नाही’ यावर अडतात. ती विकत घ्यायच्या जास्तीच्या सामग्रीची गोष्ट आहे. एसकेएसईला फक्त एक्झी फाइलचा, म्हणजे गेम चालू करणाऱ्या फाइलचा, आकडा कळतो. तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे जो आकडा आहे तो खरा.

एसकेएसईच्या झिपमधला लोडर आणि डीएलएल गेमच्या मूळ फोल्डरमध्ये, एक्झीच्या शेजारी, हाताने टाका. एवढाच अपवाद. त्यातला स्क्रिप्ट्सचा फोल्डर मात्र मॉड ऑर्गनायझरमधून एक मॉड म्हणून टाका. मग वर उजवीकडे असलेल्या यादीत एसकेएसईचा लोडर निवडा आणि यापुढे गेम तिथूनच चालू करा. स्टीममधून किंवा डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून चालू केलात तर गेम एकही मॉड न घेता उघडेल. गेम सोडून बाकीची अवजारंही याच यादीत जोडून इथूनच चालवायची, कारण बाहेरून उघडलेल्या अवजाराला फक्त कोरा डेटा फोल्डर दिसतो.

आता जिथे जवळजवळ प्रत्येक नवा माणूस घसरतो ती जागा. मॉड ऑर्गनायझरच्या खिडकीत दोन याद्या असतात आणि त्या दोन वेगळे क्रम सांगतात.

डावी यादी फाइलींची आहे. टेक्स्चर (पृष्ठभागाची चित्रं), मेश (वस्तूंचे आकार), आवाज, स्क्रिप्ट. दोन मॉडांत एकाच नावाची आणि एकाच जागेची फाइल असेल तर यादीत जो खाली आहे त्याची फाइल गेमला मिळते. वरच्याची फाइल आपल्या फोल्डरमध्ये शाबूत राहते, फक्त दिसत नाही. उजवी यादी प्लगिनची आहे, म्हणजे ईएसपी, ईएसएम आणि ईएसएल. यांच्यात गेमच्या नोंदी असतात: अमुक तलवारीचं वजन किती, अमुक माणूस कोणत्या घरात राहतो, अमुक पेटीत काय सापडतं. दोन प्लगिन एकाच नोंदीला हात लावत असतील तर खालचा जिंकतो, आणि तो अख्खी नोंद जिंकतो. एकाने तलवारीचं वजन बदललं आणि दुसऱ्याने किंमत, तरी गेम दोन्ही बदल एकत्र करत नाही. खालच्या प्लगिनमधली नोंद जशीच्या तशी उचलतो. किंमत बदलणारा खाली असेल तर वजनाचा बदल गेला.

शिवाय बीएसए नावाच्या बांधीव फाइली आहेत. मॉडमधल्या फाइली मोकळ्या असतात किंवा बीएसएमध्ये बांधलेल्या असतात. बीएसए आपल्या नावाच्या प्लगिनबरोबर लोड होते आणि आपसात त्यांचा क्रम उजव्या यादीने ठरतो. पण मोकळी फाइल बीएसएमधल्या फाइलीवर नेहमी मात करते, प्लगिनचा क्रम काही का असेना. डाव्या यादीत मॉड खाली ओढूनही टेक्स्चर बदलत नाही, अशी तक्रार येते तेव्हा मी आधी हेच पाहतो.

दोन्ही क्रम एकमेकांशी कसे भिडतात ते काळ्या चेहऱ्यांच्या उदाहरणावरून समजून घ्या. हा दोष तुम्हाला आज ना उद्या भेटणारच. तुम्ही गेममधल्या व्हाइटरन शहरातल्या लोकांचे चेहरे सुधारणारा मॉड टाकता. गेममध्ये गेल्यावर काहींचा चेहरा काजळी फासल्यासारखा काळपट दिसतो आणि मान मात्र नेहमीच्या रंगाची. टेक्स्चर बिघडलं असं समजून लोक टेक्स्चर बदलत बसतात. प्रत्यक्षात त्या पात्राची नोंद एका प्लगिनमधून आलेली असते आणि त्याच्या चेहऱ्याची घडवलेली फाइल दुसऱ्याच मॉडमधून. नोंदीत एक नाक-डोळे, फाइलीत दुसरे. गेमला दोघांचा मेळ घालता येत नाही आणि चेहरा काळा पडतो. डावीकडे चेहऱ्यांचा मॉड खाली, म्हणजे फाइल त्याची. उजवीकडे ‘अनऑफिशियल पॅच’ (गेमच्या चुका दुरुस्त करणारा मॉड) किंवा त्याच पात्राला नवे कपडे देणारा दुसरा मॉड खाली, म्हणजे नोंद त्याची. उपाय एकच, ज्याची फाइल जिंकते त्याचीच नोंद जिंकली पाहिजे. चेहऱ्यांचा प्लगिन उजवीकडेही खाली न्या. त्यामुळे कपड्यांचा बदल हरवत असेल तर छोटा पॅच लागतो, आणि तो बऱ्याचदा मॉडच्या पानावर तयार मिळतो.

फाइलींची भिडंत डाव्या यादीतल्या विजेच्या खुणेवर कळते. हिरवं अधिक म्हणजे हा मॉड कोणावर तरी मात करतो, लाल उणे म्हणजे कोणी तरी याच्यावर. एखाद्या मॉडवर दोनदा क्लिक करून ‘कॉन्फ्लिक्ट्स’ उघडलंत तर फाइलवार हिशेब मिळतो. नोंदींची भिडंत मात्र इथे दिसत नाही, त्यासाठी एसएसईएडिट हे प्लगिनच्या नोंदी उघडून पाहायचं अवजार लागतं. ते अवजार पहिल्यांदा उघडल्यावर रंगांची दाटी पाहून दडपायला होतं. सुरुवातीला एवढंच करा: ज्या पात्राचा किंवा वस्तूचा घोळ आहे तिची नोंद शोधा आणि उजवीकडे शेवटच्या रकान्यात कोणाचा प्लगिन आहे ते पाहा. गेम तोच रकाना वापरतो. मॉडिंगमध्ये मला खरं काही समजायला लागलं ते हे अवजार वाचता येऊ लागल्यावर, म्हणून त्याला घाबरून राहू नका.

लूटबद्दल एक गैरसमज आहे. लूट, म्हणजे मॉड ऑर्गनायझरमधलं ‘सॉर्ट’ बटण, फक्त उजव्या यादीचा क्रम लावतं. त्याच्याकडे स्वयंसेवकांनी जमवलेली नियमांची यादी असते, मास्टर फाइली आधी हव्यात हे त्याला कळतं, आणि हरवलेल्या मास्टरची किंवा ज्ञात विसंगतीची सूचना ते देतं. तेवढ्यासाठी ते जरूर चालवा आणि त्याचे इशारे एकेक वाचा. पण तुम्हाला कोणता चेहरा हवा, कोणत्या मॉडचं व्हाइटरन हवं हे त्याला कुठून कळणार? डाव्या यादीला तर ते हातच लावत नाही. लूटने क्रम लावला, आता सगळं जुळलं, असं मानू नका.

मॉड टाकण्याची कृती सोपी आहे. झिप उतरली की उजवीकडच्या ‘डाउनलोड्स’मध्ये दिसते, तिच्यावर दोनदा क्लिक करा. बऱ्याच मॉडांना फोमॉड इन्स्टॉलर असतो, तो पानागणिक प्रश्न विचारतो. तिथे भराभर ‘नेक्स्ट’ दाबू नका. ज्या मॉडसाठीचे पॅच तो देतो तो मॉड तुमच्याकडे नसेल तर तो पॅच घेऊ नका. मेनूआधीच गेम बंद पडण्याचं पहिलं कारण नेमकं इथे जन्माला येतं. आधीपासून असलेल्याच नावाचा मॉड टाकलात तर तो ‘मर्ज, रिप्लेस की रिनेम’ विचारेल. नवी आवृत्ती असेल तर रिप्लेस. मूळ मॉडची छोटी दुरुस्ती असेल तर मर्ज करता येतं, पण मी रिनेम करून ती वेगळीच ठेवतो, म्हणजे नंतर एका टिचकीने बंद करता येते.

आणि टाकण्याआधी मॉडचं पान वाचा, वर्णन आणि ‘रिक्वायरमेंट्स’ दोन्ही. मग खालच्या चर्चेत शेवटच्या महिन्याभरात लोक काय म्हणतायत ते पाहा. मॉडला १० मिनिटं द्या, पुढचे १० तास वाचतात. ज्या मॉडच्या कर्त्याने काय बदललं आणि कशाशी जमत नाही हे लिहिलेलं नसतं, तो कितीही देखणा असला तरी मी घेत नाही.

पहिल्या दिवशी फक्त पाया घाला. एसकेएसईच्या स्क्रिप्ट, ॲड्रेस लायब्ररी (डीएलएलना गेमच्या आतले पत्ते सांगणारी, १.६ मालिकेसाठीची), एसएसई इंजिन फिक्सेस, अनऑफिशियल पॅच, स्काययूआय (गेमचे मेनू सुधारणारा) आणि गेम पडताना काय चालू होतं ते लिहून ठेवणारा एक क्रॅश लॉगर. इंजिन फिक्सेसचे दोन भाग आहेत, त्याच्या पानावरची सूचना ओळ न गाळता पाळा. एवढं टाकून गेम चालू करा, मेनूमध्ये कन्सोल (आदेश टाइप करायची जागा) उघडा, ‘सीओसी रिव्हरवुड’ हा आदेश रोमन लिपीत टाइप करा आणि गावात फिरून या. ही चाचणी आहे, तो सेव्ह पुढे खेळायला ठेवू नका. जमलं तर पुढचे पाच मॉड, पुन्हा चाचणी, पुन्हा पाच. ६० मॉडांना दोन-तीन संध्याकाळी लागतील. यात काही बिघडलं तर शोधायला पाचच मॉड असतात, ही या कंटाळवाण्या पद्धतीची सगळी किंमत वसूल करणारी गोष्ट आहे. यादी वाढली की डावीकडे विभाजक टाका: पाया, इंटरफेस, टेक्स्चर, माणसं, लढाई, पॅच.

प्लगिनची मर्यादाही माहीत हवी. पूर्ण वजनाचे प्लगिन २५४ पर्यंतच चालतात, गेमच्या स्वतःच्या पाच मास्टर फाइली त्यातच मोजायच्या. ईएसएल किंवा तशी खूण केलेले हलके प्लगिन मात्र सगळे मिळून एकच खण वापरतात आणि ते ४,०९६ पर्यंत चालतात. हलक्या प्लगिनमध्ये किती नव्या नोंदी मावतात यालाही मर्यादा आहे, आधी २,०४८ आणि १.६.११३० पासून ४,०९६. ६० मॉडांना ही चिंता नाही. पुढे यादी फुगली तरी एक पथ्य पाळा: चालू खेळात एखाद्या प्लगिनला ईएसएलची खूण करायला जाऊ नका. नोंदींचे क्रमांक बदलतात, आणि सेव्हमध्ये जुने क्रमांक लिहिलेले असतात.

उजवीकडच्या गोष्टी झाल्या, आता डावीकडे सगळ्यात खाली ‘ओव्हरराइट’ नावाचा एक फोल्डर दिसेल. गेमने किंवा एखाद्या अवजाराने नवी फाइल बनवली आणि ती कोणत्या मॉडची हे ठरलं नाही, की ती इथे येऊन पडते. ॲनिमेशनचं नेमेसिस, दूरच्या झाडांसाठी डिनडोलोड, कपड्यांसाठी बॉडीस्लाइड, ही सगळी अवजारं फाइली बनवतात. ओव्हरराइट सगळ्यात खाली असल्याने सगळ्या मॉडांवर मात करतो, म्हणून तिथे पडलेली जुनी फाइल तुमच्या नव्या मॉडला गुपचूप झाकून टाकते. अवजार चालवलं की लगेच राइट क्लिक करून तिथल्या फाइलींचा वेगळा मॉड बनवा आणि त्याला ‘नेमेसिसचं उत्पादन’ असं स्पष्ट नाव द्या.

तुम्ही हेही विचारलं होतं की खेळ अर्ध्यावर असताना मॉड काढला तर चालेल का. टेक्स्चर, मेश, आवाज खुशाल काढा, त्यांचा सेव्हशी संबंध नाही. स्क्रिप्ट असलेला मॉड काढू नका. स्क्रिप्ट चालू असताना तिची अवस्था सेव्हमध्ये लिहिली जाते. मॉड काढला तरी ती अवस्था तिथे राहते आणि गेम नसलेल्या स्क्रिप्टला हाका मारत राहतो. मी एकदा ८० तासांच्या खेळात थंडी-भुकेचा एक मॉड नकोसा झाला म्हणून काढला. पहिले काही तास काहीच झालं नाही आणि मी निर्धास्त झालो. मग मोहिमा अडकायला लागल्या, दारं उघडताना गेम गोठायला लागला आणि मागचा चांगला सेव्ह १५ तास जुना निघाला. त्या पात्राला मी सोडून दिलं, आणि अजूनही त्याची हळहळ वाटते. सेव्ह साफ करणारी अवजारं आहेत, रीसेव्हर त्यातलं चांगलं, पण ते अनाथ स्क्रिप्ट काढतं, बिघडलेली मोहीम सांधत नाही. नवी जागा किंवा नवी पात्रं आणणारे मॉडही याच रांगेत धरा. एखादा मॉड आजमावून पाहायचा असेल तर प्रोफाइलची प्रत काढा आणि तिथे आजमावा. सेव्ह वेगळे ठेवायला मी सांगितलं ते यासाठी.

गेमचं अपडेट हा वेगळाच धोका आहे. ११ नोव्हेंबर २०२१ ला ॲनिव्हर्सरी एडिशनबरोबर एक्झी बदलली आणि एसकेएसईवर चालणारे सगळे डीएलएल एका रात्रीत निकामी झाले. गेम नव्या कंपायलरने बांधला होता, म्हणून आतले पत्ते सगळे हलले होते. ५ डिसेंबर २०२३ ला ‘क्रिएशन्स’ हे गेममधलंच मॉडांचं अधिकृत दालन आलं तेव्हा पुन्हा तोच प्रकार झाला. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘गेम चालू करीन तेव्हाच अपडेट कर’ असं ठेवा आणि गेम कायम मॉड ऑर्गनायझरमधूनच सुरू करा. तरी अपडेट आलंच तर घाईने सगळे मॉड बदलू नका. आधी एसकेएसई नवं येऊ द्या, मग ॲड्रेस लायब्ररी, मग एकेका डीएलएल मॉडचं पान तपासा. टेक्स्चर आणि साध्या प्लगिनना याने काही होत नाही.

इतकं करूनही गेम पडला तर अंदाजाने मॉड बंद-चालू करण्याआधी क्रॅश लॉग उघडा. डॉक्युमेंट्समधल्या स्कायरिमच्या फोल्डरमध्ये एसकेएसई नावाचा फोल्डर आहे, लॉग तिथे येतो. वरच्या भागात कोणत्या डीएलएलमध्ये गेम पडला ते असतं. त्याखाली नोंदींची आणि मेशची नावं असतात, तिथे एखाद्या प्लगिनचं नाव वारंवार दिसलं तर शोध तिथून सुरू करा. एकदाच दिसलेल्या नावावरून निष्कर्ष काढू नका, पडताना ते फक्त मेमरीत होतं एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. लॉगच आला नाही तर निम्मे मॉड बंद करून पाहा. पडला तर दोष उरलेल्यांत, नाही पडला तर बंद केलेल्यांत, मग त्यांचे पुन्हा निम्मे. मात्र एखाद्याची मास्टर फाइल बंद निम्म्यात आणि तो स्वतः चालू निम्म्यात, असं होऊ देऊ नका. उजव्या यादीत इशाऱ्याची खूण दिसली की समजा तेच झालंय. हा शोध कोऱ्या खेळावर घ्या, तुमच्या सेव्हवर नाही.

तयार याद्यांबद्दलही विचारलंत. नेक्ससची कलेक्शन्स व्होर्टेक्समधून आणि वाबाजॅक या अवजाराच्या याद्या मॉड ऑर्गनायझरमध्ये बसतात. लगेच खेळायचं असेल तर वाबाजॅक उत्तम, शेकडो मॉड कोणी तरी जुळवून, तपासून ठेवलेले असतात. पण त्या यादीत स्वतःचे मॉड घालू नका. घालायचेच असतील तर आधी वरची दोन याद्यांची गोष्ट अंगवळणी पडू द्या.

शेवटी प्रत काढण्याचं. मॉड ऑर्गनायझरच्या फोल्डरमध्ये ‘प्रोफाइल्स’, त्यात तुमच्या प्रोफाइलचा फोल्डर. तिथे मॉडलिस्ट, प्लगिन्स आणि लोडऑर्डर या तीन छोट्या मजकूर फाइली आहेत, दोन्ही याद्या त्यांच्यात असतात. वेगळे सेव्ह चालू केले असतील तर तेही तिथेच. दर वेळी नवे मॉड टाकण्याआधी तो फोल्डर तारीख घालून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. पुढे अडलात तर मला त्यातल्या मॉडलिस्ट आणि प्लगिन्स या दोन फाइली आणि ताजा क्रॅश लॉग पाठवा. ६० मॉडांची यादी नजरेखालून घालायला मला फार वेळ लागत नाही.